पडद्यातली माणसं, फडातली माणसं

दसरा उरकला की बीड-परळी रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत चुलीवरची भांडी, पत्र्याची पेटी, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री, बाजरीची पोती आणि पोत्यांवर बसलेली लेकरं. वडवणी तालुक्यातल्या गावांतून, वाड्यांतून, तांड्यांवरून माणसं उसाच्या फडाकडे निघतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आमच्या शेजारची एक बाई ट्रॉलीत चढायच्या आधी माझ्या आईजवळ आली. घराची किल्ली दिली. म्हाताऱ्या सासूकडे लक्ष ठेवा म्हणाली, शेळी कुणाकडे बांधलीय ते सांगितलं, आणि जाता जाता पदर खोचत म्हणाली, "आन् मावशी, त्या राधिकाचं काय व्हतंय तेवढं फोनवर सांगत जावा."

राधिका म्हणजे 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका. अनिता दाते यांनी रंगवलेली, नागपुरी बोलणारी, नवऱ्यानं फसवलेली. ती खरी नाही हे शेजारणीला पक्कं ठाऊक होतं. तरी किल्ली, सासू, शेळी आणि राधिका या चार काळज्या तिनं एका दमात सांगितल्या. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मालिकेतल्या माणसावर माणूस जीव लावतो, तो का? त्या जीव लावण्याला काय म्हणायचं? भाबडेपणा, व्यसन, विरंगुळा की नातं? या प्रश्नावर जगात अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे, आपल्याकडे घराघरांत भांडणंही झाली आहेत. ते सगळं वडवणीच्या ओट्यावर बसून पुन्हा पाहावं, म्हणून हा लेख.

हा जीव लावणं टीव्हीनं शिकवलं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. टीव्हीच्या कितीतरी आधी आमच्या भागात पोथी लागायची. श्रावणात देवळात नाहीतर कुणाच्या तरी माळवदाच्या घरात श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' सुरू व्हायचा. हरिविजयाचे अध्याय 36, रामविजयाचे 40, पांडवप्रतापाचे 64. रोज थोडं वाचन, त्यावर अर्थ सांगणं, आणि ऐन प्रसंगाच्या तोंडावर आरती. पुढचं उद्या. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तिथे पोथी थांबली, तर बायका घरी जाऊन भाकरी थापतानाही तेच बोलायच्या. कथा सगळ्यांना पाठ होती. पुढे काय होणार याची उत्सुकता हे ऐकायला येण्याचं कारण नव्हतंच. आपल्या माणसावर आलेली वेळ पुन्हा तिच्या सोबत बसून काढायची, यासाठी त्या यायच्या.

ओव्यांत तर हे नातं आणखी उघड आहे. हेमा राईरकर आणि गी पोइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाचा एक भाग वडवणीच्या शेजारच्या माजलगावचा आहे. तिथल्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आंबेडकर भाऊ होऊन येतात, रमाबाई घरातल्या होऊन येतात. सीतेच्या ओव्यांचंही तसंच. वनवासाला धाडलेल्या सीतेबद्दल गाताना सासरी जाच सोसणारी बाई आपलंच सांगते, पण नाव सीतेचं असतं. घरात सासू झोपलेली आहे, नवरा पलीकडच्या खोलीत आहे, आणि जात्याच्या घरघरीत बाई जे मोठ्यानं म्हणते आहे त्याबद्दल तिला कुणी बोल लावू शकत नाही. मालिकेतल्या पात्रावरच्या प्रेमाचं मूळ मला इथे सापडतं.

छापील मराठीतही हे लवकर आलं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. आठवड्याला एक तुकडा. नायिका यमूची ती कहाणी वाचकांनी एका बैठकीत वाचली नाही, महिनोन् महिने तिच्याबरोबर काढली. त्याच सुमारास, 1893 साली, इंग्लंडमध्ये कॉनन डॉयलनं आपल्या शेरलॉक होम्सला मारून टाकलं आणि वाचक इतके दुखावले की काही वर्षांनी त्याला होम्सला परत आणावं लागलं. हप्त्याहप्त्यानं भेटणारा माणूस मनात वेगळी जागा करतो, हे त्या काळातच दिसून आलं होतं.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं, पण ती मुंबई-पुण्याची गोष्ट. चिं. वि. जोश्यांच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका, त्यातले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे, हे शहरातल्या मराठी घरांना मिळालं. आमच्याकडच्या पिढीला ते नंतर, ऐकून कळलं. आम्हाला टीव्ही भेटला तो थेट 'रामायण' घेऊन. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988, रविवारी सकाळी. मी तेव्हा शाळेत होते. गावात टीव्ही मोजके, आणि ज्याच्याकडे असेल त्याच्या घरात चपलांचा ढीग. एक पोरगा माळवदावर अँटेना धरून उभा. खालून आवाज, "आलं, आलं! गेलं!" पडद्यावर मुंग्या आणि मुंग्यांच्या आड अरुण गोविल. म्हाताऱ्या बायका टीव्हीला हळद-कुंकू वाहायच्या. त्या वेळी शहरातल्या वर्तमानपत्रांत याची थट्टा झाली. मला मात्र आज त्यात अडाणीपण दिसत नाही. पोथीलाही त्या हळद-कुंकू वाहत होत्याच. पोथीचं चौरंगावरचं स्थान टीव्हीनं घेतलं, हात जोडायची सवय तीच राहिली. पुढे दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी 1991 साली लोकसभेवर निवडून गेले, 'महाभारत'मधले कृष्ण नितीश भारद्वाज 1996 साली गेले. सीता, रावण आणि कृष्ण अशा तिघांनाही लोकांनी मतं दिली, म्हणजे ही ओढ फक्त भक्तीची नव्हती. दीड-दोन वर्षं दर रविवारी घरी आलेल्या माणसाची ती ओळख होती.

त्याआधी 1984-85 मध्ये 'हम लोग'नं देशाला हे दाखवलं होतं. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ती मालिका मुळात मेक्सिकोच्या धर्तीवर कुटुंबनियोजनाचा संदेश देण्यासाठी आखलेली. संदेश मागे पडला आणि बडकी, छुटकी, नन्हे घरचे झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे. प्रेक्षकांची लाखो पत्रं दूरदर्शनकडे आणि कलाकारांकडे आली. त्यांत सल्ले होते: बडकीनं काय करावं, भागवंतीनं किती सोसावं. असा सल्ला माणूस अनोळखी माणसाला देत नाही.

अभ्यासकांनी या नात्याला नाव दिलं ते 1956 साली. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी लिहिलं की रेडिओ-टीव्हीवरचा माणूस आपल्याशी समोरासमोर बोलतोय असा भास होतो आणि त्यातून एकतर्फी जवळीक तयार होते. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. ही मांडणी आजही सगळीकडे वापरली जाते आणि ती खोटी नाही. तरी वडवणीत बसून ती मला अपुरी वाटते. तिच्यात एक प्रेक्षक आणि एक पडदा आहे. आमच्याकडे पडद्यासमोर एकटं कुणी बसतच नव्हतं. सासू, सून, शेजारीण, शेजारणीची लेक, दारात उभा राहून "मी नाही बघत" म्हणत सगळं बघणारा दीर. राधिका एकटीची नव्हती, गल्लीची होती. गल्लीनं मिळून तिच्याबद्दल बोलायचं, हा त्या प्रेमाचा अर्धा भाग. एकतर्फी जवळीक म्हटलं की ही बाजू सुटते.

डच विदुषी इएन आंग हिचं काम मला जास्त जवळचं वाटतं. 'डॅलस' ही अमेरिकेतल्या तेलसम्राटांच्या घराण्याची मालिका तेव्हा जगभर गाजत होती. आंगनं नेदरलँड्समधल्या एका मासिकात छोटी जाहिरात दिली: मला ही मालिका आवडते, तुम्हाला काय वाटतं ते कळवा. 42 पत्रं आली. ती वाचून तिच्या लक्षात आलं की त्या महालांवर, त्या पैशावर कुणाचाच विश्वास नव्हता, पण त्यातल्या दुःखावर सगळ्यांचा होता. घर खोटं, जळणं खरं. मराठी मालिकांवरचा नेहमीचा आक्षेप आठवा: एवढी मोठी स्वयंपाकघरं कुणाची असतात, रात्री झोपताना भरजरी साडी कोण नेसतं, घरातलं कुणी कामाला जातं का? आक्षेप बरोबर आहेत. पण पत्र्याच्या घरात बसून ते स्वयंपाकघर बघणाऱ्या बाईला ते खोटं आहे हे समीक्षकाच्या आधी कळलेलं असतं. ती स्वयंपाकघर बघत नसते. त्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला आज कोण काय बोललं, आणि तिनं उत्तर दिलं की गिळलं, हे ती बघते.

वडवणी 1999 साली तालुका झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला 'अल्फा टीव्ही मराठी' सुरू झाली, आजची झी मराठी. 2000 साली ई टीव्ही मराठी आली. केबलवाला खांबाखांबावरून काळी वायर ओढत आमच्या गल्लीत आला, आणि मालिका रविवारची न राहता रोजची झाली. दूरदर्शनवर 'दामिनी'नं रोजच्या मालिकेची सवय आधीच लावली होती. प्रतीक्षा लोणकरची ती पत्रकार कितीतरी शाळकरी मुलींना आवडायची, मीही त्यांतलीच. पण रोज संध्याकाळी, तेही एकामागून एक, मराठी घरं पडद्यावर दिसणं हे नवीन होतं. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तिचे 3,000हून अधिक भाग झाले. एवढ्या काळात आमच्या गल्लीत दोन सासवा वारल्या, चार सुना आल्या, एक शेत विकलं गेलं. मालिकेत पाणी घातलं जातं ही तक्रार मी ऐकली आहे, मीही केली आहे. पण पाणी घातल्यामुळेच एक गोष्ट होते: पात्र आपल्याबरोबर म्हातारं होतं. कादंबरीतला माणूस इतका काळ घरात राहत नाही.

या सगळ्या वर्षांत मराठी मालिकेनं एकच कहाणी तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा घराघरांनी ती मनावर घेतली. 1999 साली 'आभाळमाया'मधली सुधा जोशी, विनय आपट्यांच्या मालिकेत सुकन्या कुलकर्णी यांनी केलेली. 2016 साली राधिका. 2019च्या डिसेंबरात 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती, मधुराणी प्रभुलकर यांची. तिघींचा नवरा दुसरीकडे गुंतला. तिघींनी मुलं सांभाळली, घर सांभाळलं. हीच गोष्ट का चालते, याचं उत्तर देण्यासाठी वाहिन्यांच्या कचेरीत जायची गरज नाही. आमच्या भागात नवऱ्यानं टाकलेली बाई प्रत्येक गावात आहे. तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. "ती नांदत नाही" एवढं तीन शब्दांत सांगून विषय संपतो, आणि दोष त्या तीन शब्दांतच तिच्या माथी बसलेला असतो. तिला स्वतःलाही कुणाजवळ मन मोकळं करता येत नाही, कारण ज्याच्याजवळ बोलावं तो कुणाचा तरी नातेवाईक निघतो. राधिकाबद्दल मात्र ती चारचौघींत तावातावानं बोलू शकते. "तिनं कामून ऐकून घ्यावं? तिचं काय चुकलं?" हे वाक्य मी एका अशाच बाईच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ते कुणाबद्दल आहे हे कळलं होतं. कुणी काही बोललं नाही. एकीनं तिच्यापुढे चहा सरकवला.

तीन नायिकांत फरकही पडत गेला. राधिकानं मसाल्याचा धंदा उभा केला, नंतर सौमित्रशी लग्न केलं. अरुंधतीनं घटस्फोट घेतला आणि मुलं मोठी झालेली असताना आशुतोषशी लग्न केलं. त्या लग्नावरून आमच्या घरात माझ्या आईचं आणि मावशीचं चार दिवस बोलणं बंद होतं. मावशी म्हणायची, या वयात शोभतं का? आई म्हणायची, त्यानं केलेलं शोभलं, मग हिचं का नाही? माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आईच्या मनात पुन्हा लग्नाचा विचार नव्हता, तो प्रश्नच नाही. पण एका बाईला उरलेल्या आयुष्याबद्दल काही मत असू शकतं, हे तिनं त्या चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. या मालिकेचा मूळ सांगाडा बंगालीतल्या 'श्रीमयी'चा, हे मला नंतर कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग बंगालातबी तसंच आसंल की."

मालिका लोकांना बिघडवतात, या आरोपाकडेही नीट पाहिलं पाहिजे. सून म्हणजे कारस्थान, सासू म्हणजे विष, श्रीमंती म्हणजे सुख, करणी-बाधा म्हणजे कथानक, हे मराठी मालिकांत भरपूर आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. वाईच्या खुनांच्या प्रकरणावरून सुचलेल्या 'देवमाणूस'मध्ये तर खुनी डॉक्टरच केंद्रस्थानी होता आणि शाळेतली पोरं त्याची नक्कल करत होती. पण टीव्हीच्या परिणामांवरचं संशोधन एकाच बाजूला झुकत नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथे केबल येण्याच्या आधीची आणि नंतरची पाहणी केली. त्यांचा 2009चा निष्कर्ष असा की केबल आल्यावर बायकोला मारणं योग्य मानण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा ही ओढ घटली, बायकांचा घरातल्या निर्णयांत वाटा वाढला. ब्राझीलमध्येही टीव्ही मालिका पोचल्या तिथे जननदर घटला आणि लोक मुलांना पात्रांची नावं ठेवू लागले. आपल्याच महाराष्ट्रात कर्क जॉन्सननं पाचगणीजवळच्या दोन खेड्यांत राहून टीव्हीनं गावाचं जगणं कसं पालटलं ते लिहिलं, त्यात कमाई आणि हानी दोन्ही आहे.

हे निष्कर्ष बीडला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. 2011च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1,000 मुलांमागे फक्त 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. तेव्हा केबल येऊन दहा वर्षं झाली होती. रात्री आठला पडद्यावरच्या लेकीसाठी रडणारी घरं आणि सोनोग्राफीच्या दाराशी उभी राहिलेली घरं वेगळी नव्हती. हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते सोडून या विषयावर लिहिणं खोटं ठरेल. पात्रावरचं प्रेम माणसाला आपोआप चांगलं करत नाही. ते फक्त एक खिडकी उघडतं. पुढे 2020 साली स्टार प्रवाहवर 'मुलगी झाली हो' आली. बोलू न शकणारी, बापाला नकोशी असलेली माऊ त्यात होती. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना ती मालिका लागली की तिथून उठून जाता यायचं नाही आणि बसवायचंही नाही. त्यांच्या घरात काय घडून गेलं होतं ते गल्लीला माहीत होतं. ते कधीच काही बोलले नाहीत. रोज बघत मात्र राहिले.

पुरुषांबद्दलही थोडं. मालिका बायकांची, बातम्या आणि क्रिकेट पुरुषांचं, ही वाटणी कागदावरचीच आहे. 'जय मल्हार' 2014 साली सुरू झाली तेव्हा आमच्या धनगर शेजाऱ्यांच्या घरी सगळे गडी वेळेवर हात-पाय धुऊन बसायचे. देवदत्त नागे दिसले की लोक पाया पडायचे. बाणाई म्हणजे आपली, म्हाळसा म्हणजे परकी, असे पक्ष पडायचे. 'स्वराज्यरक्षक संभाजी'च्या शेवटच्या आठवड्यांत, 2020च्या फेब्रुवारीत, पारावरची गर्दी संध्याकाळी विरळ व्हायची. शेवट ठाऊक असूनही तो पाहणं सोसत नव्हतं, आणि न पाहणं त्याहून सोसत नव्हतं. पोथीच्या श्रोत्यांची तीच गत होती. 2021 साली 'गाथा नवनाथांची' लागली तेव्हा तर आमच्या जिल्ह्याला ती घरची वाटली. मच्छिंद्रनाथांची समाधी आष्टी तालुक्यातल्या सावरगावला, मायंबाला आहे. तिथे पायी जाऊन आलेली माणसं पडद्यावरच्या नाथांना ओळखीच्या नजरेनं बघत होती.

आता ज्यासाठी मी हा लेख मुख्यतः लिहिते आहे, त्या गोष्टीकडे येते.

टीव्ही प्रेक्षकांची मोजणी करणाऱ्या बार्क या संस्थेनं ऑक्टोबर 2015पासून गावांचीही मोजणी सुरू केली. त्याआधी मोजणीत शहरंच होती. गाव मोजलं जाऊ लागलं, आणि लवकरच गावाच्या मालिकांची रांग लागली. ऑक्टोबर 2016 मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' आली, 2017 मध्ये 'लागिरं झालं जी'. एक कोल्हापूरची, एक साताऱ्याची. त्याच 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि स्वस्त डेटामुळे मोबाइलवर मालिका बघता येऊ लागली. फडावरच्या बायकांना आता फोनवर कुणी गोष्ट सांगायची गरज उरली नाही. शेजारीण मला म्हणाली होती, रात्री कोपीत जेवणं झाली की चार घरच्या बायका एका मोबाइलभोवती बसतात, रेंज आली तर. पहाटे चारला कोयता घेऊन उठायचं असतं. तरी बसतात.

आणि काय बघतात? राणादा. हार्दिक जोशी यांनी केलेला, मनानं लेकरू असलेला पैलवान, आणि अक्षया देवधरच्या पाठकबाई. मालिकेचं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात व्हायचं. तो वाडा बघायला लोक लांबून यायचे. पुढे 2022च्या डिसेंबरात त्या दोघांनी खरोखर लग्न केलं, तेव्हा आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखी चर्चा झाली. राणादाचं शेत हिरवंगार आहे, त्यात ऊस आहे. तो ऊस कोण तोडतं? वडवणीचं, धारूरचं, पाटोद्याचं, शिरूरचं माणूस. शेजारणीचा नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, एका हंगामात कोल्हापूरच्याच भागात होता. ज्या मुलुखात ती दिवसभर मोळ्या बांधत होती, त्याच मुलुखातली गोष्ट ती रात्री मोबाइलवर बघत होती. पडद्यावर बांध दिसायचा, वाडा दिसायचा, तालीम दिसायची. कोपी कधी दिसली नाही.

मी तिला विचारलं होतं, तुला याचं वाईट वाटत नाही का? ती म्हणाली, "राणादा चांगला हाय वो. त्याच्या शेतात आसतो तर त्यानं पैसं बुडवलं नसतं." यावर मला काही बोलता आलं नाही. तिनं त्या पात्राला आपल्या जगात ओढून घेतलं होतं, मालक करून त्याची परीक्षा घेतली होती आणि तो तिच्या परीक्षेत उतरला होता. मुकादम, आगाऊ घेतलेली उचल, हंगामाचा पट्टा पडल्यावरचा हिशेब, यांतलं काहीच लेखकानं लिहिलं नव्हतं. ते तिनं लिहिलं. पात्रावर जीव लावणं याला मी हेच म्हणते. दाखवलेल्या गोष्टीच्या शेजारी माणूस आपली न दाखवलेली गोष्ट ठेवतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरणं थांबली, दूरदर्शननं 28 मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. त्या आठवड्यांत ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून होते. परतायची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. वडवणीत म्हाताऱ्या माणसांनी टीव्हीवर वनवास बघत लेकाच्या फोनची वाट पाहिली. आमच्या शेजारची सासू, जिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं ती, रोज येऊन आईजवळ बसायची. 1987 साली तिनं ते उभ्यानं, खिडकीतून पाहिलं होतं. या वेळी राम अयोध्येला परत आला आणि त्याच सुमारास तिची माणसंही घरी आली.

पात्राचं मरण हा वेगळाच अनुभव आहे. 2001 साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी'तला मिहिर मेला तेव्हा देशभरातून इतका ओरडा झाला की त्याला परत आणावं लागलं. ऑगस्ट 2025 मध्ये 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी, म्हणजे ज्योती चांदेकर, खरोखरच गेल्या. ती बातमी आली त्या संध्याकाळी आईनं टीव्ही लावला नाही. एका अभिनेत्रीसाठी आणि एका आजीसाठी, दोघींसाठी मिळून तिनं एक संध्याकाळ दिली. हे दुःख खरं की खोटं, असा प्रश्न तेव्हा विचारला असता तर ती दुखावली असती. मला ते खरं वाटतं. रोज रात्री घरी येणारं माणूस उद्यापासून येणार नाही, एवढं दुःखाला पुरतं.

मराठी मालिकेनं मुंबईचं घर दाखवलं, पुण्याचा वाडा दाखवला, 'रात्रीस खेळ चाले'नं मालवणी बोली घराघरांत नेली, कोल्हापूर-साताऱ्याची बोली तर आमची पोरं हौसेनं बोलतात. आमची बोली मात्र पडद्यावर आली तर बहुतेक विनोदासाठी येते. मकरंद अनासपुरे, संदीप पाठक यांच्यासारख्या मराठवाड्याच्या मातीतल्या नटांनी तिला मान मिळवून दिला, पण मालिकेच्या नायिकेनं "कामून" म्हणत रडलेलं मी पाहिलेलं नाही. फडावर सुरू होऊन फडावरच चालणारी, रोज भेटणारी गोष्टही माझ्या पाहण्यात नाही. बारा तास उभं राहून ऊस तोडणारी, पोटात लेकरू घेऊन मोळी डोक्यावर उचलणारी, मुलीला शाळेत ठेवावं की सोबत न्यावं यावर रात्रभर जागणारी बाई नायिका व्हायला काय कमी आहे? सहा महिने गाव, सहा महिने कोपी, यात तर हजार भागांची गोष्ट आहे. सुधावर, राधिकावर, अरुंधतीवर ज्यांनी जीव लावला, त्यांचा स्वतःवर जीव लागावा असं एक पात्र त्यांना अजून मिळालेलं नाही.

म्हणून मालिका लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. दसऱ्यानंतर एकदा वडवणीला या, पहाटे बीड-परळी रस्त्यावर उभे राहा. एखाद्या ट्रॉलीबरोबर फडापर्यंत जा आणि रात्री कोपीत त्या मोबाइलभोवती बसा. गोष्ट कशी सांगायची हे त्या बायका तुम्हाला सांगतील. त्यांनी तुमच्या पात्रांना इतकी वर्षं सांभाळलं आहे.